बांधाच्या पलीकडून

एरंडोल

चि. मनीषास,


तुझं पत्र मिळालं. चार पानांपैकी साडेतीन पानं रूम पार्टनरच्या खरकट्या भांड्यांवर! वाचताना हसू आलं, पण मी हसायचा अधिकार गमावून बसलोय. सांगतो.

आपल्या वरच्या वावराला लागून चुलतभावाचं वावर आहे, तुला ठाऊक आहे. तो वखर घालताना दर वर्षी बांध कोरतो, म्हणून तीन वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हतो. टेप घेऊन बांध मोजायचो, वहीत आकडे लिहायचो. एका भादव्यात आपला गोऱ्हा सुटला आणि त्याच्या कपाशीत शिरला. त्याला हुसकायला मी पहिल्यांदा बांधाच्या पलीकडे उतरलो. तिथून पाहतो तर बांध खालून पोखरलेला, त्याच्या कपाशीची मुळं उघडी पडलेली आणि मधोमध गुडघाभर घळ. पाणी माझं होतं. पावसाचं पाणी वावरात साचू नये म्हणून चर मीच खणला होता ना! म्हणून तो अगदी निर्दोष, असं नाही हं. वखराचे दोन तास त्यानेही कोरले होतेच. पण वहीतले माझे सगळे आकडे एकाच बाजूने घेतलेले. पुढे दगड लावून सांडवा काढला आणि अर्धा खर्च त्याच्याकडून वसूल केला.

अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तिथे मोठमोठे लोक विचार करायला बसत. मला मात्र शिकवायला गोऱ्हा लागला. आपल्या बहिणाबाईंना तेवढंही लागलं नसतं. असोद्याची लेक, अक्षरओळख नाही, ऐन उमेदीत वैधव्य. जातं, चूल, सुगरणीचा खोपा, पिकात शिरणारं ढोर, जे रोज समोर होतं तेच त्यांनी वळवून वळवून पाहिलं. गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून ठेवली म्हणून उरली. 1951 साली त्या गेल्या आणि पुस्तक आलं 1952 साली.

तुझी पार्टनर रात्रपाळी करून पहाटे येते, हे तूच तिसऱ्या पानावर एका ओळीत लिहिलंयस. एकदा ती येते तेव्हा जागी राहा. भांड्यांचा विषय काढू नकोस, दोन कप चहा टाक. ती काय करते, कशी बसते, ते बघ. त्यानंतरही ती आळशीच वाटली तर खुशाल भांड; पण समोर बसून. फ्रीजवर चिठ्ठ्या लावणं बंद कर, त्या माझ्या वहीच्या बहिणी आहेत.

पद्मालयाला एकाच गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती पाहून तू लहानपणी विचारलं होतंस, "मामा, यातला खरा कोणता?" मी तेव्हा पुजाऱ्याकडे बोट दाखवून सुटलो होतो. डिसेंबरात ये, पुन्हा जाऊ. तोवर बामणोदची वांगीही येतील. मामी म्हणते, भरीत आणि कळण्याच्या भाकरीला तुझ्या पार्टनरलाही घेऊन ये.

तुझा
मामा