गणपतीच्या आदल्या आठवड्यात केलेली घाई

प्रस्तुत लेखिका ठाण्यात दिवाळीचा फराळ करून विकते. गणपती उठले की परदेशातल्या ऑर्डरी सुरू होतात, कारण पार्सल लक्ष्मीपूजनाआधी पोचले पाहिजे. तिच्या वेबसाइटची वर्षाची बहुतेक कमाई त्या मोजक्या आठवड्यांतली.

एका वर्षी नेमक्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिने प्रसिद्धीचे सगळे काम एकदम उरकून घेतले. वेबसाइटचे रूप पालटले, पानांचे पत्ते बदलले, चिवडा-चकलीच्या पानांची शीर्षके नव्याने लिहिली, जाहिरात लावली आणि प्रचाराची कामे घेणाऱ्या एकाकडून पाचशे बॅकलिंकचे, म्हणजे इतर वेबसाइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचे, पॅकेजही विकत घेतले. पहिले दहा दिवस भेटींचा आकडा वाढत राहिला. जाहिरातीचे पैसे संपले तेव्हा खरे चित्र समोर आले: गूगलवर शोधून आपणहून येणारा ग्राहक जवळजवळ थांबला होता. जाहिरातीवरून येणारी माणसे एकूण आकड्यात मिसळल्यामुळे ते इतके दिवस दिसलेच नव्हते.

चूक कशात झाली? पत्ते, शीर्षके, मांडणी की लिंका? सगळे एकाच आठवड्यात बदललेले, त्यामुळे एकावर बोट ठेवता येईना. घाबरून तिने शीर्षके आणखी दोनदा बदलली आणि गुंता वाढवला. दिवाळी हातची गेली.

स्वयंपाकघरात तिने असे कधीच केले नसते. चकली तेलात विरघळायला लागली, तर ती मोहन तेवढे कमी करून छोटा घाणा काढून बघते. भाजणी, मोहन आणि आच एकदम बदलली, तर चकली का बिघडली ते कळणार नाही आणि जमली तरी का जमली ते कळणार नाही. वेबसाइटलाही हाच नियम लावायला हवा होता, हे तिला नुकसान झाल्यावर सुचले.

त्या पॅकेजसारख्या विकतच्या लिंकांनी मोठमोठ्यांनाही रडवले आहे. अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीची वेबसाइट २०१०च्या सुटीच्या हंगामात अनेक वस्तूंच्या शोधात अग्रभागी होती. तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या हजारो लिंका भलत्याच विषयांच्या पानांवर असल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फेब्रुवारी २०११मध्ये उघड केले. गूगलने कारवाई केली आणि सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांच्या शोधात ती वेबसाइट दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१व्या क्रमांकावर गेली. ब्रिटनमधली फुलविक्रेती इंटरफ्लोरा फेब्रुवारी २०१३मध्ये, मातृदिनाच्या तोंडावर, स्वतःच्या नावाच्या शोधातूनही नाहीशी झाली. पैसे देऊन छापून आणलेल्या जाहिरातवजा लेखांतल्या लिंकांबद्दल गूगलने त्याच सुमारास जाहीर ताकीद दिली होती. ऐन हंगामातल्या त्या दुकानाची तगमग फराळवालीला चांगलीच समजते.

म्हणून नव्याने वेबसाइट चालवणाऱ्यांना तिचे कळकळीचे सांगणे आहे: आधी नोंद, मग बदल. गूगलचे सर्च कन्सोल फुकट आहे आणि शोधातल्या कामगिरीचे १६ महिन्यांचे आकडे दाखवते. त्यात जाहिरातीवरचे क्लिक धरले जात नाहीत, म्हणून नैसर्गिक शोधाचा कल तिथे स्वच्छ दिसतो. या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी करण्यापेक्षा मागच्या वर्षीच्या दिवाळीपूर्व आठवड्याशी करावी. नाहीतर हंगामाची भरती-ओहोटीच आपल्या बदलाचा परिणाम वाटू लागते.

बदल एका पानापासून सुरू करावा. फक्त कडबोळ्यांच्या पानाचे शीर्षक बदलावे आणि बाकीच्या पानांना हात लावू नये. एखाद्या बदलाचा परिणाम काही तासांत दिसतो, एखाद्याला काही महिने लागतात. काही आठवडे थांबूनच निष्कर्ष काढा, असे गूगलचेही सांगणे आहे. त्या काळात गूगलने आपल्या क्रमवारीत मोठी सुधारणा जाहीर केली, तर तीही तारखेसह टिपून ठेवावी, म्हणजे तिचा दोष आपल्या शीर्षकावर येत नाही.

पत्ते बदलणे शक्यतो टाळावे. बदललेच, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नेमक्या नव्या पानावर कायमचे वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावावे आणि निदान वर्षभर ठेवावे. तिने ते लावले नव्हते. जुने ग्राहक ‘पान सापडले नाही’ एवढेच वाचून परतत होते.

लिंका विकत घेऊ नयेत, हळूहळूसुद्धा नाही. अनारशांची कृती नीट लिहिली, पार्सलमध्ये चकली कशी भरली की मोडत नाही ते छायाचित्रांसह दाखवले, तर एखादे परदेशातले महाराष्ट्र मंडळ किंवा खाद्यलेखक आपणहून दुवा देतो. असे दुवे थोडेच मिळतात, पण ते टिकतात.

आता तिच्या ओट्याशेजारच्या वहीत तीन रकाने असतात: तारीख, काय बदलले, चार आठवड्यांनी काय दिसले. बदलांचा रकाना श्रावण संपता संपता बंद होतो. गणपतीपासून भाऊबीजेपर्यंत त्या वहीत फक्त ऑर्डरींचे आकडे चढतात.