संत्र्याच्या रोपवाटिकेतील उपकारक बुरशी

बुरशी म्हटले की शेतकऱ्याच्या मनात प्रथम रोगाचा विचार येतो. परंतु जमिनीत अशाही काही बुरशी आहेत की, ज्यांच्यावाचून झाडाच्या मुळांचे काम अपुरे राहते. मूळ व बुरशी यांच्या या सहवासास जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ साली ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. संत्रा, मोसंबी, आंबा, साग इत्यादी वृक्षांच्या मुळांत अशी बुरशी वास करते.

स्वच्छ वाफ्यातील खुरटी रोपे

अमेरिकेत लिंबूवर्गीय झाडांच्या रोपवाटिकांत मातीला विषारी वायूची धुरी देत असत. त्यामुळे रोगजंतू मरत. पण पुष्कळदा रोपे खुरटी राहत. धुरीचे विष मातीत उरत असावे, असा प्रथम समज होता. १९७२ साली क्लाइन्श्मिट व गेर्डेमान या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, धुरीने रोगजंतूंबरोबर उपकारक बुरशीही नष्ट होते व रोपांची उपासमार होते. ती बुरशी मातीत पुन्हा घालताच रोपे वाढीस लागली.

मूळ व बुरशी यांची ओळख

बुरशीचा बीजाणू ओलाव्यात रुजतो आणि साठविलेल्या तेलावर थोडा काळ वाढतो. तेवढ्यात मूळ न सापडल्यास त्याची वाढ थांबते. इकडे स्फुरदाची उणीव भासणारे मूळ ‘स्ट्रिगोलॅक्टोन’ नावाची द्रव्ये मातीत सोडते. या द्रव्यांमुळे बुरशीच्या तंतूंना अनेक फाटे फुटतात, असे २००५ साली जपानी शास्त्रज्ञांना आढळले. ज्वारीवरील टारफुल्याचे बीही याच द्रव्यांमुळे रुजते. मित्रासाठी दिलेली हाक शत्रूही ऐकतो, असा हा प्रकार आहे.

बुरशीही उलट खूण पाठविते. मग तिचा तंतू मुळाच्या सालीस चिकटून पसरट होतो. मूळ त्यास अडवीत नाही. उलट सालीच्या पेशी आपल्या आत त्याच्यासाठी वाट तयार करतात. आतील पेशींत पोचल्यावर तंतूस झुडपासारख्या बारीक फांद्या फुटतात. तेथेच देवघेव चालते : बुरशी स्फुरद देते, तर झाड साखर व स्निग्ध द्रव्ये देते.

स्फुरद मातीत फारसा हलत नाही. मुळालगतचा स्फुरद संपला की, जवळच असलेला साठाही त्यास मिळत नाही. बुरशीचे तंतू मात्र त्या पलीकडे पसरून तो आणून देतात.

रोपवाटिकेत काय करावे

१. उन्हाळ्यात ओल्या गादीवाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून माती तापविली असल्यास, नंतर खात्रीच्या ठिकाणाहून आणलेले मायकोरायझाचे संवर्धन अवश्य वापरावे.

२. संवर्धन पृष्ठभागावर फेकू नये. बियांच्या खाली पातळ थर द्यावा, अथवा रोप लावताना खळग्यात मुळांस लागेल असे घालावे. तंतू मुळापर्यंत पोचला नाही, तर पुढील काहीच घडत नाही.

३. जुन्या संत्राबागेतील माती विरजण म्हणून आणू नये. तिच्याबरोबर डिंक्या रोगाची बुरशी व सूत्रकृमी रोपवाटिकेत येण्याचे भय असते.

४. सुपर फॉस्फेटचा भरमसाट वापर टाळावा. स्फुरद विपुल असल्यास मूळ हाक देत नाही व बुरशीचा शिरकाव कमी होतो. खताची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवावी.

५. संवर्धन घातल्याबरोबर वाफ्यात बुरशीनाशक ओतू नये. रोग दिसल्यास कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊनच औषध निवडावे.

ही बुरशी जिवंत मुळावरच वाढते. म्हणून वाफा दीर्घकाळ पडीक ठेवू नये. मधल्या काळात मका किंवा ज्वारी पेरावी. कोबी व मोहरी यांच्या मुळांत ही बुरशी वाढत नाही, म्हणून ती पिके या कामी निरुपयोगी होत.

ग्रामसेवकांसाठी

मुळातील बुरशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. म्हणून गावात प्रात्यक्षिक घेणे इष्ट होय. एकाच मातीचे दोन वाफे तयार करून एकास संवर्धन द्यावे, दुसऱ्यास देऊ नये. बी, पाणी व खत सारखे ठेवावे. स्थलांतराच्या वेळी दोन्हींतील दहा-दहा रोपांची उंची व खोडाची जाडी शेतकऱ्यांसमक्ष मोजून नोंदवहीत लिहावी. फरक दिसला नाही तरी ती नोंद ठेवावी. त्या मातीत मूळचीच बुरशी पुरेशी आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो आणि तेथे संवर्धनाचा खर्च वाचतो.