पिठ्ठू घ्यावा कसा?

प्रश्न : मुलगा चाकूरच्या बीएसएफ प्रशिक्षण केंद्रात जातोय. लातुरातून महागडा पिठ्ठू (सैनिकी पाठपिशवी) घेऊन देऊ का?
– एक वाचक, अहमदपूर

उत्तर : घाई नको. चाकूर असो की मुदखेडचं सीआरपीएफ केंद्र, तिथं सरकारी साहित्यच वापरायचं असतं. घरच्या सरावाला साधा, पण कमरपट्ट्याचा पिठ्ठू पुरे. पट्ट्यामुळं वजन खांद्यांवरून कमरेवर उतरतं. जड वस्तू पाठीलगत, वरच्या बाजूला. लढाईत मात्र मॅगझीन आणि मलमपट्टी पिठ्ठूत नाही, छातीवर किंवा कमरेला, दोन्ही हात पोचतील तिथं. पालथं पडल्यावर टोचलं तर मांडणी चुकली. खिसे जास्त असले की माणूस भरतच सुटतो! ओझं शरीराच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ठेवा. सुरुवात पाच-सहा किलोंनी. मे महिन्यात सराव पहाटेच, आणि आधी पाणी भरा.