खुनी आधीच कळला

१. रहस्यपट आणि गाव यांचं जमत नाही. पदरचे थोडे आणि मित्रांचे बरेच पैसे घालून सुदुंबऱ्यात सिनेमा करायला घेतला, तेव्हा शेवटची पानं मी नटांनाही दाखवली नव्हती. पण खून विहिरीवर. म्हणजे विहिरीचा मालक आला, मोटार बंद करणारा आला आणि बघायला अर्धी आळी आली. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहावाला म्हणाला, "दादा, पुतण्यानंच ढकललं ना चुलत्याला? जमिनीपायी?" पुतण्याला जमीन का हवी, हे पटवायला मी पटकथेत पानंच्या पानं खर्ची घातली होती. चाकणची एमआयडीसी हाकेवर असलेल्या गावात त्यातली एक ओळही लागत नव्हती.

२. मावळात पाऊस विकत घ्यावा लागतो. मागून लाईट मारल्याशिवाय रात्रीचा पाऊस कॅमेऱ्याला धड दिसत नाही, आणि खरा पाऊस लाईट लागेपर्यंत थांबत नाही. मग ऐन आषाढात, भातखाचरं तुडुंब भरलेली असताना, आम्ही पाण्याचा टँकर मागवला. गाव छत्र्या घेऊन बघत उभं होतं. त्या नजरा अजून आठवतात. खऱ्या पावसानं काम एकच केलं: पत्र्यावर असा काही वाजला की सगळे संवाद पुन्हा डब करावे लागले.

३. सकाळी नऊच्या शोला कुणालाच भीती वाटत नाही. बाहेर ऊन, आत मोजकी डोकी, त्यातली निम्मी दहा मिनिटं उशिरा आलेली; आणि आमचा धागा नेमका त्याच दहा मिनिटांत पेरलेला. मध्यंतर आम्ही लिहिलंच नव्हतं, थिएटरनं ते पाठलागाच्या मधोमध लावलं. आठवड्यात सिनेमा उतरला. त्या दिवसांत ‘तुंबाड’चा फार आधार वाटे. राही अनिल बर्वेंच्या त्या सिनेमानं कित्येक पावसाळे खाल्ले, १२ ऑक्टोबर २०१८ ला तो आला तेव्हा गर्दी बेताचीच होती, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. अर्थात तो ‘तुंबाड’ होता, हे सोयीस्करपणे विसरूनच हा आधार घ्यायचा.

४. खुनी माहीत असला तरी माणसं जागची हलत नाहीत. गावात पडदा लावला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवट सगळ्यांना पाठ. पण पुतण्या चुलत्याला "चला अण्णा, मोटार बघून येऊ" म्हणाला आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर तोंडाशी नेला. मल्टिप्लेक्समध्ये याच वाक्याला कुणीतरी मोबाईल बघत होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाका, असं हिचकॉक म्हणत असे. श्रीराम राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’मध्येही गद्दार कोण ते आपल्याला लवकरच कळतं. हे सगळं मी वाचलेलं, पाहिलेलं, चारचौघांत सांगितलेलंसुद्धा. तरी शेवटची पानं लपवत फिरत होतोच.

५. खरे समीक्षक सातबारा वाचणारे. खेळ संपल्यावर एक निवृत्त तलाठी उठले. "खून करणाऱ्याला मयताची वारसाई मिळत नाही. १९५६ चा कायदा आहे. मग याचं नाव लागणार कसं?" मी गप्प. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो भाऊसाहेब, पकडला तर ना!" मग बक्षीसपत्र, मृत्युपत्र, बहिणींचे हिस्से असं जे सुरू झालं, त्यात मला कुणी विचारलंच नाही. मी प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळत ऐकत होतो. दुसऱ्या सिनेमाला पुरेल एवढा मजकूर होता.