जिवाचा नांगर



धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना इब्री लोकांस पत्रातील 'जिवाचा नांगर' हे शब्द चित्रात काढायला सांगितले. एकाने बैलजोडी काढली, एकीने होडी. वर्ग हसला, पण मुलाची चूक नव्हती. मराठीत दोन्ही नांगरच! मूळ ग्रीक भाषेत मात्र शब्द वेगवेगळे आहेत. ज्याला हात घातल्यावर मागे पाहू नये असे प्रभू येशू सांगतो (लूक ९:६२), तो शेतातला 'आरोट्रोन'. आशेला ज्याची उपमा दिली आहे (इब्री ६:१९), तो तारवाचा 'आंकिरा'.

तरीही मराठीने दोघांना एकच नाव दिले, हे आम्हांला आवडते. दोन्ही नांगर जमिनीतच रुततात. होडी नांगराच्या नुसत्या वजनाने थांबते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्याची टोके तळाच्या चिखलात, वाळूत रुततात आणि ओढ आडवी असेल तरच पकड घट्ट राहते. म्हणून पाणी जितके खोल, त्याच्या कित्येक पट दोर सोडावा लागतो. आखूड दोराला हिसका बसला की नांगर उपटतो आणि तळ नांगरत होडीमागे फरफटत जातो.

मयताच्या घरी आपण घाईघाईने 'देवावर भरवसा ठेवा' म्हणतो आणि निघतो, तेव्हा दोर आखूडच सोडलेला असतो. आम्ही धर्मगुरूही हे करतो. रोमच्या प्रिस्किल्ला भुयारातील ख्रिस्ती थडग्यांवर नांगर कोरलेले आहेत. ज्यांनी तिथे आपली माणसे पुरली, त्यांची आशा एका वाक्याची नव्हती.

संत पौलाच्या वादळी प्रवासात (प्रेषितांची कृत्ये २७) चौदाव्या रात्री खलाशांनी पाणी मोजले: आधी २० वाव, मग १५. खडकाच्या भीतीने त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. काही खलाशी तर पुढून नांगर टाकण्याचे निमित्त करून होडीतून पळू पाहत होते! पौलाने ते ओळखले. मग त्याने सर्वांना जेवायला लावले. सकाळी नांगरांचे दोर कापून ते समुद्रातच सोडून दिले. तारू फुटले, २७६ जण माल्टाच्या किनाऱ्याला सुखरूप लागले.