जुन्या वस्तूंचा सौदा

ईदच्या आधी घरोघरी साफसफाई सुरू होते. माळ्यावरचे सामान खाली उतरते. पितळी डबे, जुना स्टोव्ह, बंद पडलेला रेडिओ आणि एखाद्या पेटीत ठेवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या! "हे सगळे भंगारात देऊन टाका," असे कोणीतरी म्हणतेच. पण जरा थांबा. भंगारवाला वस्तूचे वजन करतो. जुन्या बाजारात मात्र वस्तूचे मोल होते.

मुंबईच्या चोर बाजाराचे नाव तुम्ही ऐकले असेल. भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर जुनी घड्याळे, दिवे, सिनेमाची पोस्टरे, ग्रामोफोन यांची दुकाने आहेत. शुक्रवारी ही दुकाने बहुधा बंद असतात. त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुमा बाजार भरतो. पूर्वी या जागेला गोंगाटामुळे 'शोर बाजार' म्हणत, त्याचाच पुढे 'चोर बाजार' झाला, असे लोक सांगतात. येथे कानी पडणारे कितीतरी मराठी शब्द तुम्हाला घरचेच वाटतील. बाजार, किंमत, सौदा, नफा, हिशेब हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीच होऊन गेले.

आता तबकड्यांकडे पाहू. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी जड पण ठिसूळ असते. ती लाख आणि दगडाची पूड यांपासून बनवीत. हातातून पडली की तिचे तुकडे होतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली. ती प्लास्टिकची असते आणि तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचे गाणे मावते.

तबकडी नेहमी कडेने धरा, उभी ठेवा आणि उन्हापासून दूर ठेवा. धूळ मऊ, कोरड्या कापडाने पुसा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका; स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

प्रत्येक जुनी तबकडी मौल्यवान नसते. लोकप्रिय गाण्यांच्या हजारो प्रती निघत. ज्या तबकड्या थोड्या निघाल्या किंवा थोड्याच उरल्या, त्यांना मोल अधिक. म्हणून मधल्या गोल कागदावरील गायकाचे नाव व क्रमांक वहीत लिहून घ्या आणि दोन-तीन दुकानांत भाव विचारा.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले. भारतातील अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक होय. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरात तयार होत. गाणे संपताना गौहर जान इंग्रजीत आपले नाव सांगत. त्या काळच्या कितीतरी गायकांचा आवाज आज केवळ अशा तबकड्यांवर उरला आहे. तबकडीची शेवटची प्रत फुटली, तर तो आवाज पुन्हा कोठे ऐकणार?

विकण्यापूर्वी तीन गोष्टी करा. पेट्या, कप्पे आणि पुस्तकांची पाने तपासा. त्यांत घराचे कागद किंवा शाळेचे दाखले राहून जातात. वस्तू ज्यांची आहे, त्यांची परवानगी घ्या. तुम्हाला अडगळ वाटणारी तबकडी दादीजानची आठवण असू शकते. कमीत कमी किती किंमत घ्यायची, हे घरीच ठरवा. मग घासाघीस करताना गोंधळ होत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे! तबकडीला तडा असेल, रेडिओ बंद असेल, तर ग्राहकाने विचारण्याआधीच सांगा. मालातील ऐब लपवू नये, ही आपल्या धर्माचीही शिकवण आहे. दोष सांगितल्याने चार पैसे कमी मिळतील. पण तोच ग्राहक पुढच्या शुक्रवारी तुम्हाला शोधत येईल.

शब्दार्थ
तबकडी – रेकॉर्ड
ठिसूळ – चटकन फुटणारा
अडगळ – नको असलेले सामान
घासाघीस – किंमत कमी-जास्त करण्यासाठी केलेली बोलणी

स्वाध्याय
१. भंगारवाला आणि जुना बाजार यांत कोणता फरक सांगितला आहे?
२. लाखेच्या तबकडीला स्पिरिट का लावू नये?
३. वस्तू विकण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टी कराव्यात?
४. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले, बाजाराशी संबंधित पाच शब्द पाठाबाहेरून शोधा व वाक्यांत वापरा.