वनस्पतिजन्य संयुगे : पाणी गाळणारी पटले व आगीस अटकाव

आवळा अथवा कच्चे केळे लोखंडी विळीवर चिरले असता पाते काळे पडते, हा अनुभव घरोघरचा आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून पूर्वी शाई करीत, तीही याच गुणामुळे. या फळांत टॅनिने नावाची संयुगे असतात. ती लोहाच्या अणूंना घट्ट धरतात व त्यातून निळसर काळे द्रव्य तयार होते. हाच गुण आज दोन अगदी भिन्न कामांसाठी वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. पाणी गाळणाऱ्या कृत्रिम पटलांचे पृष्ठ सुधारणे हे एक आणि कापडास आगीपासून वाचविणे हे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच प्रकारच्या द्रव्यांना कशी साधतात व त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे आपण पाहू.

अनेक हातांचे रेणू

टॅनिक अम्लाच्या रेणूत मध्यभागी ग्लुकोज असून त्याभोवती गॅलिक अम्लाचे गट जोडलेले असतात. रूढ सूत्राप्रमाणे हे गट 10 असून त्यांवर एकूण 25 हायड्रॉक्सिल गट असतात. दुसरे संयुग फायटिक अम्ल. धान्ये व कडधान्ये आपल्या बियांत फॉस्फरसचा साठा या रूपाने करतात आणि तांदळाच्या कोंड्यात त्याचे प्रमाण विपुल असते. याच्या एका रेणूत 6 फॉस्फेट गट असून वजनाने सुमारे 28 टक्के भाग फॉस्फरसचा असतो. हे गट म्हणजे जणू रेणूचे हात होत. त्यांच्या योगे रेणू पाण्याला, धातूंना व इतर पदार्थांच्या पृष्ठांना धरून राहतो. आहारात हाच गुण कधी अडचणीचा ठरतो, कारण फायटिक अम्लाने धरलेले लोह व जस्त शरीरास पुरेसे मिळत नाही.

पटलाचे पृष्ठ

लहान रेणूंच्या पुष्कळ कड्या जोडून झालेल्या साखळीस बहुवारिक म्हणतात. पाणी गाळण्याची पटले पॉलिसल्फोनासारख्या बहुवारिकांची करतात. ती बळकट असतात, परंतु त्यांना पाण्याची ओढ कमी असते. त्यामुळे पाण्यातील प्रथिने व तेलकट कण त्यांच्या पृष्ठावर चिकटतात, सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि तेवढेच पाणी मिळविण्यास अधिक दाब, म्हणजेच अधिक वीज, खर्ची पडते.

यावर उपाय असा की, पटलाच्या पृष्ठावर जलप्रिय द्रव्याचा पातळ लेप द्यावा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी 2013 मध्ये असे दाखविले की, टॅनिक अम्ल व लोहाचा क्षार पाण्यात एकत्र केल्यास नाना प्रकारच्या पृष्ठांवर क्षणार्धात सुमारे 10 नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश भाग. विळी काळी करणारी क्रिया ती हीच. अशा लेपातील हायड्रॉक्सिल गट पाण्याचा थर धरून ठेवतात आणि मळाच्या कणांना पृष्ठाशी चिकटणे कठीण जाते.

आगीस अटकाव

कापूस पेटतो तेव्हा धागा प्रत्यक्ष जळण्यापूर्वी उष्णतेने त्यातील सेल्युलोजाचे विघटन होते. त्यातून ज्वालाग्राही वाफा निघतात व ज्वाला त्या वाफांची असते. तेव्हा या वाफा निघूच न देणे हा आग रोखण्याचा एक मार्ग होय. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी 1821 मध्येच कापडासाठी अमोनियम फॉस्फेट इत्यादी क्षारांचा उपयोग सांगितला होता. पुढे ब्रोमीनयुक्त संयुगे प्रचारात आली. परंतु त्यांपैकी काही सजीवांच्या शरीरात साचून राहतात असे आढळल्याने 2009 पासून स्टॉकहोम कराराच्या वर्ज्य द्रव्यांच्या यादीत त्यांचा समावेश होऊ लागला. म्हणूनच वनस्पतींकडे लक्ष वळले.

फायटिक अम्ल तापले की त्यापासून फॉस्फरसची अम्ले बनतात. ती सेल्युलोजातील पाण्याचा अंश काढून घेतात आणि वाफांऐवजी कोळशाचा थर उरतो. हा थर आतील धाग्यास उष्णतेपासून व हवेपासून दूर ठेवतो. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये फायटिक अम्ल व कोळंबीवर्गीय प्राण्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान यांचे एकावर एक थर देऊन सुती कापडाचे ज्वलन रोखून दाखविले.

मुंबईतील केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी अनुसंधान संस्थेतही केळीच्या खोडाच्या रसावर असे काम झाले. पदार्थ जळत राहण्यास हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, या मापाने त्याची ज्वलनशीलता ठरवितात. साध्या सुती कापडास सुमारे 18 टक्के पुरतो. हवेत तो 21 टक्के असल्याने कापड सहज जळते. टॅनिक अम्ल व तुरटीत भिजवून नंतर केळीचा रस दिलेल्या कापडास मात्र सुमारे 30 टक्के ऑक्सिजन लागला.

मर्यादा

तथापि वनस्पतिज म्हणजे निर्दोष, असे समजणे चूक ठरेल. विद्युत्‌भारांच्या आकर्षणाने किंवा नुसत्या क्षारांनी बसलेला लेप धुलाईत निघून जातो. अम्लाच्या अंशाने सुती धागा कमजोर होतो. पटलावरील लेप जाड झाला तर छिद्रेच अरुंद होतात, आणि पटल स्वच्छ करण्याचे क्लोरीनयुक्त द्रव्य तो लेपही नष्ट करू शकते. लेप बसविणे सोपे, टिकविणे कठीण. खरे संशोधन आज याच ठिकाणी अडलेले आहे.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली हिरड्याची पूड गरम पाण्यात भिजवून पाणी गाळून घ्या. त्यात चिमूटभर हिराकस टाका. द्रव काळा होईल. आता त्यात लिंबाचा रस थेंबथेंब सोडा. रंग फिका होत जाईल, कारण रसातील अम्ल लोहाला टॅनिनापासून सोडविते. हा द्रव चाखू नये. अम्लयुक्त सांडपाणी गाळावयाच्या पटलावर लोह व टॅनिनाचा लेप टिकेल काय, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी या प्रयोगावरून द्यावे.